तिने तीनदा सांगितलं होतं

शारजा, मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

दिया,

हे पत्र बाबांच्या हाती पाठवतेय. ते दर शनिवारी अबुधाबीला तुझ्याकडे येतात हे मला दीड वर्षापासून माहीत आहे. तिथल्या मुसफ्फात साइटवर काम आहे, असं सांगून निघतात. मी डबा भरून देते, आणि त्यात एका माणसाला संपणार नाही एवढी भाजी घालते. त्यावर आम्ही दोघंही काही बोलत नाही. तुला आठवा लागलाय हेही त्यांनी टीव्हीकडे बघत बघत सांगितलं.

फोन केला तर तू कट करशील. मेसेज न वाचताच पुसून टाकशील. कागद निदान घरात कुठेतरी पडून राहील. तुझं मराठी वाचन शुक्रवारच्या क्लासपुरतंच झालं, म्हणून अक्षर मोठं काढतेय.

आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं दे. पाय सुजलेत का? चेहरा सकाळी जड वाटतो का? डोकं दुखतं का? डोळ्यांपुढे काजवे चमकतात का? बरगड्यांखाली उजवीकडे दुखतं का? दर वेळी तुझं बीपी कोण बघतं, आणि आकडा तुला सांगतात का?

विचारायला कारण झालं. काल आमच्या वॉर्डात सहा नंबरच्या बेडवरच्या बाईला झटके आले. हॅरिएट नाव तिचं. युगांडाची आहे, मॉलमध्ये सिक्युरिटी गार्ड. वय सव्वीस. शनिवारी नॉर्मल डिलिव्हरी झाली, मुलगा झाला, काल संध्याकाळी ती घरी जायची होती. दुपारी अडीचला उझमा ओरडत आली. उझमा म्हणजे आमची नवी सिस्टर, लाहोरची, अजून प्रोबेशनवर आहे. मी धावले तर हॅरिएटचे डोळे वर गेलेले, दात घट्ट, सगळं अंग पलंगावर आपटत होतं. बाळ पाळण्यात गाढ झोपलेलं. बीपी १७८/११२. डॉक्टर एमान तीन मिनिटांत आल्या, मॅग्नेशियम सुरू केलं, आयसीयूत हलवलं.

गरोदरपणातच नाही, बाळंतपणानंतरही बीपी असं चढू शकतं. लोकांना वाटतं मूल बाहेर आलं की खलास, धोका संपला. तसं नसतं.

बाराचं बीपी नॉर्मल होतं. चार्टवर तसं लिहिलेलं आहे.

एमानने मला विचारलं, "शी कम्प्लेन्ड ऑफ एनीथिंग, सिस्टर साधना?" मी म्हटलं, खास काही नाही.

तू बीपीचं मशीन घे. दंडावर बांधायचं घे, मनगटावरचं नको. उत्तर द्यायचं नसेल तर नको देऊस, पण मशीन घे.

आई

शारजा, शुक्रवार, १० ऑक्टोबर

दिया,

कालपासून झोप नाही. अक्षर बिघडलं तर समजून घे.

हॅरिएट शुद्धीवर आली. पण तिला दिसत नाही. डोळे उघडे आहेत, टॉर्च मारला की बुबुळं आकसतात, पण तिच्यासमोर सगळा अंधार. मेंदूला सूज आली की कधीकधी असं होतं. एमान म्हणतात बहुतेक परत येईल. बहुतेक. तिच्या नवऱ्याने बाळ तिच्या छातीवर ठेवलं तेव्हा तिने बोटांनी त्याचं नाक शोधलं, कान शोधले. हे मी काचेतून पाहिलं. आत गेले नाही.

काल हेमचंद्र सरांनी बोलावलं. ते आमच्याकडे क्वालिटी बघतात, म्हणजे काही चुकलं की कागद त्यांच्याकडे जातात. दार लावून घेतलं, मला पाणी दिलं.

"सिस्टर, चार्ट में बारह बजे का बीपी नॉर्मल है ना?"

"है."

"और पेशंट ने कुछ बोला नहीं था?"

मी ग्लास टेबलावर ठेवला.

"तो बस यही लिखना है. अचानक हुआ. ऐसे केस में हो जाता है. आप इतने साल से हो यहाँ, आपको क्या समझाना. अगले हफ्ते तक स्टेटमेंट दे दीजिए."

मी उठले, थँक्यू म्हणाले. थँक्यू!

दिया, आता जे लिहितेय ते बाबांनाही माहीत नाही. पाकीट चिकटवून देईन, पण ते उघडणार नाहीत याची खात्री आहे म्हणूनच त्यांच्या हाती देतेय.

बाराचं बीपी कुणी घेतलंच नव्हतं. मी सकाळी आठचा आकडा पाहिला, १२६/८२, आणि बाराच्या रकान्यात १२४/८० लिहून मोकळी झाले. कामाचा रेटा होता असं म्हणता येईल. पण रेटा सगळ्यांच्या वेळी सारखाच होता. चार नंबरवर एक इंग्रज बाई होती, शाळेत शिकवते. अकराला ती म्हणाली, डोकं जड वाटतंय. मी स्वतः गेले. बीपी घेतलं, एमानला फोन केला, खिडकीचा पडदा ओढला, उशी बदलली. तिला फक्त झोप झाली नव्हती. दहा मिनिटांत सगळं उरकलं.

हॅरिएटने तीनदा सांगितलं होतं.

साडेदहाला म्हणाली, "सिस्टर, माय हेड." मी म्हटलं, चहा घे, नाश्ता कर.

पावणेबाराला म्हणाली की दिव्यांभोवती ठिणग्या दिसतायत, आणि बरगडीखाली हात धरून बसली. उझमा माझ्याकडे आली, "सिस्टर, सिक्स नंबर का बीपी ले लूँ?" मी फाइल भरत होते. वर न बघता म्हटलं, "रहने दे. ये लोग बहुत ड्रामा करते हैं."

दीडला ती भिंत धरत धरत काउंटरपर्यंत चालत आली. घामाने चेहरा चमकत होता. "सिस्टर, समथिंग इज राँग विथ मी." मी तिच्या खांद्याला धरून तिला परत बेडवर नेलं. प्रेमाने नेलं असंच मला तेव्हा वाटलं. म्हटलं, "स्लीप, स्लीप. यू आर फाइन."

एका तासाने झटके आले.

आम्ही वॉर्डात काय बोलतो ते तुला कधी सांगितलं नाही. आफ्रिकन बायका दणकट असतात, त्यांना एवढं दुखत नाही, असं म्हणतो. आणि त्याच बायका कण्हल्या की म्हणतो, नाटकी आहेत. दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने. आमच्यातल्या कुणालाही हे कधी विचित्र वाटलं नाही. मलाही नाही.

मला भीती वाटतेय. ती मरेल याची वाटत होती, ती मरणार नाही असं कळलं तरी गेली नाही. लायसन्स जाईल, व्हिसा जाईल, एक्कावन्नाव्या वर्षी पुण्याला जाऊन कुणाच्या दारात उभी राहू? आणि याहून मोठी एक भीती आहे. ती आज लिहिता येत नाही.

मशीन घेतलंस का?

आई

शारजा, रविवार, १९ ऑक्टोबर

दिया,

बाबा काल चकल्या घेऊन आले असतील तुझ्याकडे. या वर्षी तेवढंच केलं. भाजणी जरा जळकी लागेल.

मी आयसीयूत गेले होते. बुधवारी. दोन वेळा दारापर्यंत जाऊन परत फिरले, तिसऱ्यांदा आत गेले. हॅरिएट उशीला टेकून बसली होती, नवरा बाळाला दूध पाजत होता. मी म्हटलं, "हॅरिएट, हाऊ आर यू?" तिने मान माझ्याकडे वळवली. डोळे माझ्यावर नव्हते, माझ्या थोडे बाजूला.

"आय नो धिस व्हॉइस," ती म्हणाली. "यू आर द सिस्टर हू सेड स्लीप."

तिच्या नवऱ्याने बाटली खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. उंचापुरा माणूस आहे, अजमानमध्ये ट्रक चालवतो. माझी नजर खाली गेली.

मी सांगितलं. इंग्रजीत, माझ्या मोडक्यातोडक्या. म्हटलं, तुझं बीपी मी घेतलं नव्हतं. खोटा आकडा लिहिला. तू तीनदा सांगितलंस, मी तीनदा ऐकलं नाही. सॉरी म्हणाले.

ती बाळाच्या आवाजाकडे वळली. मग म्हणाली, "आय थॉट मेबी आय डोन्ट नो माय ओन बॉडी. बिकॉज यू आर द नर्स." थोड्या वेळाने, "आय कॅनॉट फरगिव्ह यू टुडे. प्लीज गो."

गेले. नंतर स्टाफच्या बाथरूममध्ये नळ सोडून बसून राहिले.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. तू बाबांना ओळखतेस, ते चिडत नाहीत. या वेळी चिडले.

"अगं इथली चोवीस वर्षं! एका कागदासाठी सगळं घालवतेस? ती वाचली ना?"

"तिला दिसत नाहीये, अनिल."

"येईल ना दिसायला. इन्शाल्ला येईल. हेमचंद्र स्वतः सांगतोय ना काय लिहायचं ते? मग?"

"मग उद्या उझमाला विचारतील. ती खरं बोलेल आणि माझ्या कागदावर खोटं असेल. किंवा तीही घाबरून खोटं बोलेल. पंचवीस वर्षांची पोर आहे. तिने हे माझ्याकडून शिकायचं का?"

बाबा गॅलरीत जाऊन उभे राहिले. खाली रोल्लाच्या बाजाराचा सगळा गोंगाट. परत आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, "मी घाबरलोय, साधना. बाकी काही नाही." मी म्हटलं, मी पण. मग आम्ही चहा केला.

स्टेटमेंट दिलं. दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी. तिन्ही वेळा घड्याळासकट लिहिल्या, चार नंबरच्या बाईचंही लिहिलं, आणि मी काय म्हणाले तेही जसंच्या तसं, हिंदीत. "उझमाने विचारलं होतं, मी थांबवलं," हेही. हेमचंद्र सरांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "सिस्टर, ये ड्रामा वाली लाइन काट दीजिए. ये लाइन हॉस्पिटल को डुबा देगी." मी म्हटलं, सर, त्या ओळीमुळेच बीपी घेतलं गेलं नाही. ती काढली तर उरतं काय?

मला वॉर्डातून काढलंय. चौकशी होईपर्यंत स्टोअरमध्ये सामान मोजते.

आई

शारजा, रविवार, ९ नोव्हेंबर

दिया,

हॅरिएटला दिसायला लागलं. पहिल्यांदा उजेड, मग रंग, मग बाळ. बाळ पाहून ती म्हणाली म्हणे, "ही लुक्स लाइक माय ब्रदर." उझमाने स्टोअरमध्ये येऊन सांगितलं आणि आम्ही दोघी सलाइनच्या खोक्यांवर बसून रडलो. हॅरिएट घरी गेली. मला तिने निरोप काही दिला नाही. द्यावा असंही नाही.

एमानने मला बोलावलं होतं. कैरोच्या आहेत, बोलणं तुटक. त्यांनी वर्षभराच्या फायली काढल्या होत्या. प्रत्येक बाळंतिणीची तक्रार किती वाजता लिहिली, आणि डॉक्टरला फोन किती वाजता गेला, हे बघायचं होतं. म्हणाल्या, "यू नो व्हिच नंबर्स आर कॉपीड. सिट विथ मी." तीन दिवस बसलो. मी आकडा पाहून सांगायची, हा खरा, हा कॉपी केलेला. दोन-दोनच्या फरकाने ओळीने चालणारे आकडे कॉपीचे असतात. माझे होते, दुसऱ्यांचेही होते. एमानने बायकांचे देश बाजूला लिहिले आणि मिनिटं मांडली. गोऱ्या बायकांना डॉक्टर दहा-पंधरा मिनिटांत. आपल्याकडच्यांना, नवरा चांगल्या पगाराचा असेल तर तेवढ्यातच, नसेल तर अर्धा-पाऊण तास. युगांडा, इथिओपिया, नायजेरिया, केनियाच्या बायकांना दीड तास, दोन तास. कुणाला कधीच नाही.

केनिया वाचताना एमानने माझ्याकडे पाहिलं नाही. तुझा डॅनियल केनियाचा आहे हे त्यांना माहीत नाही.

आता वॉर्डात नियम झालाय. बाळंतिणीने डोकं, डोळे किंवा पोट म्हटलं की दहा मिनिटांच्या आत बीपीचा पट्टा बांधायचा, आकडा तिला मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि वरचा १४० झाला तर डॉक्टरला फोन. कुठल्या देशाची, कुठल्या इन्शुरन्सची, विचारायचं नाही. सिस्टरने ऐकलं नाही तर बाई स्वतः फोन करू शकेल असा नंबर प्रत्येक बेडवर लावलाय. दर महिन्याला एमान ती मिनिटं पुन्हा मांडणार आहेत. पुरेसं आहे का? माहीत नाही. माझं इन-चार्जपद गेलं. लायसन्सचा निर्णय अजून यायचाय.

बाबांनी तुझा निरोप सांगितला. "डिलिव्हरी रूममध्ये एकच जण अलाउड आहे, डॅनियल असेल." ठीक आहे. बाळाचा बाप तो, त्याचीच जागा आहे ती.

आता ती गोष्ट, जी लिहिता येत नव्हती. दोन वर्षांपूर्वी, आपल्या जेवणाच्या टेबलाशी, डॅनियल हात धुवायला उठला तेव्हा मी तुला मराठीत म्हणाले होते, "उद्या मूल झालं तर ते कसं दिसेल, याचा विचार केलास?" मला वाटलं त्याला कळणार नाही. त्याला शब्द कळले नाहीत, पण तुझा चेहरा त्याने पाहिला. तू ताट तसंच ठेवून उठलीस. नंतर मी सगळ्यांना सांगत राहिले की तू लहानशा गोष्टीवरून रुसलीस.

लहान नव्हती. तेच तोंड, दिया. टेबलाशी बोलले ते आणि वॉर्डात बोलले ते. मी ती बाई आहे जिच्या हातात उद्या तुझी फाइल असू शकते. तुझ्या शेजारी डॅनियलला बघून एखादी सिस्टर, माझ्यासारखीच, चांगल्या घरातली, देवाधर्माची, पेन खाली न ठेवता म्हणेल, रहने दे. ही माझी मोठी भीती.

पुढचं त्याच्यासाठी आहे. त्याला इंग्रजीत वाचून दाखव.

डॅनियल, तुला मी आजवर नावाने हाक मारली नाही. दिया जे सांगेल ते वेळेसकट लिहून ठेव. आकडा विचार. "इट्स नॉर्मल" म्हणाले तर विचार, किती नॉर्मल? वरचा १४० झाला तर डॉक्टर बोलाव, १६० झाला तर तिथून हलू नकोस. पण आवाज चढवू नकोस. तू चढवलास तर ते सिक्युरिटीला बोलावतील. मी चढवला तर डॉक्टरला बोलावतील. हे बरोबर नाही, पण मी आतली आहे, मला माहीत आहे. म्हणून त्या दिवशी मी हॉस्पिटलात खाली बसेन. वर येणार नाही. तू फक्त फोन कर, मी ओरडेन.

साधना

अबुधाबी, गुरुवार, ४ डिसेंबर

दिया,

हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावर बसून लिहितेय. सकाळी आठपासून इथे आहे. बाबा गाडी पार्क करायला गेले ते तिथेच फेऱ्या मारतायत.

साडेअकराला डॅनियलचा फोन आला तेव्हा हातातला कप सांडला. "शी हॅज अ हेडएक. दे सेड रिलॅक्स." मी लिफ्टची वाट न बघता तीन जिने चढले. काउंटरवर एक मल्याळी सिस्टर होती, माझ्याच वयाची. फाइल भरत होती. "मॅडम, विझिटिंग नहीं है अभी."

मी म्हटलं, "सिस्टर, मी पण नर्स आहे. दोन महिन्यांपूर्वी तुमच्यासारखीच फाइल भरत होते. मागे एक बाई डोकं दुखतं म्हणत होती. मी वर पाहिलं नाही." हे हिंदीत म्हणाले, का इंग्रजीत, आठवत नाही. आवाज चढला होता बहुतेक, कारण दोघीतिघी थांबून बघायला लागल्या. "प्लीज. पट्टा बांधा. माझ्यासमोर."

तिने पेन ठेवलं. रागावली होती, तरी ठेवलं.

दारातून तू दिसलीस. दोन वर्षांनी. केस तू कापलेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तू माझ्याकडे बघितलंस. डॅनियल तुझ्या उशाशी, हातात वही, वेळा लिहिलेल्या. सिस्टरने पट्टा फुगवला. १२८/८०. सिस्टरने मोठ्याने वाचलं, माझ्यासाठी. सकाळपासून तू काही खाल्लं नव्हतंस, म्हणून डोकं दुखत होतं. एवढंच.

मला बाहेर जायला सांगितलं, मी गेले. जिन्यात बसून घेतलं जरा वेळ. काही नव्हतं, दिया. काही नव्हतं, आणि तरी त्यांनी मोजलं.

आता साडेचार झालेत. दर तासाला डॅनियल आकडा पाठवतोय. मी विचारायच्या आत पाठवतो. इथे टीव्हीवर कसलीशी मॅच चालू आहे, एक माणूस खुर्चीवर आडवा होऊन घोरतोय. तीस वर्षांत किती बायकांची बाळंतपणं केली, त्यांच्या आया अशाच खाली बसलेल्या असायच्या. मी त्यांना "टेन्शन मत लो" म्हणून पुढे जायची.

मला माफ कर असं लिहिणार होते. हॅरिएटला म्हटलं तेव्हा ती म्हणाली, आज नाही. तूही तसंच म्हणालीस तरी चालेल. मी पुढच्या शनिवारी बाबांबरोबर येईन आणि गाडीत बसून राहीन. त्यापुढच्याही.

थांब. फोन वाजतोय.

डॅनियलचा मेसेज आहे. तसाच उतरवते: "गर्ल. ३.१ केजी. फोर ट्वेंटी-टू पीएम. बीपी १२४/७८. बोथ ओके. दिया आस्किंग, हॅव यू ईटन?"

तीनदा वाचला. चष्म्यावर पाणी आलं म्हणून पुन्हा वाचला. बाबांना फोन लावून वाचून दाखवला.

नाही ग, खाल्लं नाही काही. वर येऊ का?